कच्च्या टाक्यांचं गाणं

सोमवार, १३ ऑक्टोबर

चि. मुंगीस आजीचे आशीर्वाद.

आधी ढबू आला. यायचं ठरवलं आपल्या व्हायोलिनवाल्या लांबीने, वेळ दिली लांबीने, आणि दार उघडते तर समोर ढबू! हातात बिस्किटांचा पुडा, तोही अर्धा संपलेला. म्हटलं, "अरे, हा माझ्यासाठी आणलास की जिन्यातल्या उंदरांसाठी?" तर म्हणतो, "आजी, चढताना भूक लागली." बघ आता. एका मजल्याचा जिना, आणि ह्याला भूक लागते. ढोल बडवून बडवून अंगाला गोलाई आलीय नुसती. तो बसला की माझी खुर्ची बोलायला लागते.

मग लांबी आली. पाठीला व्हायोलिन, डोकं चौकटीला लागू नये म्हणून वाकलेली. मला एवढा आनंद झाला मुंगे! घरात माणसं आली की मला अंगात आल्यासारखं होतं, तुला माहीतच आहे. चहा केला, परत केला. शिवायला आलेल्या कपड्यांचा ढीग बाजूला सारला. तेवढ्यात शेजारच्या शिक्षिकाबाई त्यांचा कोट मागायला आल्या, त्याची बाही मी उलटी लावून ठेवली होती. हल्ली होतं असं काहीतरी. त्यांना म्हटलं उद्या या, आज माझ्याकडे बँड आलाय.

हो, बँडच की. आपला भात्या गेल्यावर ही दोघंच उरली.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते. पत्र हातात पडलं की माणूस ते उघडतोच. माझं शिक्षण जेमतेम, जोडाक्षर आलं की पेन अडखळतं, तरी वाचून घे.

तर लांबी म्हणाली, "आजी, तो शेवटची चाल तुमच्याकडे बसून बांधत होता ना?" म्हटलं, "माझ्याकडे बसून कसली, माझ्या डोक्यावर बसून!" त्याच्या मजल्यावरचे लोक तक्रार करायचे, म्हणून तो अकॉर्डियन घेऊन खाली माझ्या मागच्या खोलीत. कपड्यांचे ढीग आवाज पिऊन टाकतात म्हणायचा. लहानपणी त्याच्या त्या वाद्याला मी भाता म्हणाले आणि ते नाव त्यालाच चिकटलं, आता सगळा रस्ता त्याला भात्या म्हणतो. म्हणायचा.

त्याने ती चाल कुठे फोनबिनात भरून ठेवलेली नाही. आणि डिसेंबरात त्याच्या आठवणीचा कार्यक्रम करायचाय म्हणे, शाळेच्या सभागृहात. मग काय, मी गायले! ढबूने फोन माझ्या तोंडासमोर धरला, मी पाय शिवणाच्या मशीनच्या पॅडलवर ठेवला आणि गायले. आवाज फाटला दोनदा, पण चाल जागची हलली नाही. ढबूने माझ्या शिवायच्या चिंधीला नाक पुसलं. लांबी म्हणाली, "काय शब्द आहेत हो आजी!" मला वाटलं थट्टा करतेय. म्हटलं, "असू दे गं."

गाणं त्यांना मिळालं. आता तुझी कविता तेवढी पाहिजे, नेहमीसारखी. त्याच्या चालीवर तूच लिहायचीस ना दरवेळी. पाठवशील ना?

जेवत जा.

तुझी आजी

•

२० ऑक्टोबर

आजी,

पत्र मिळालं. मी ठीक आहे. जेवते.

लांबीचा निरोप आला. लिहिते, कविता ऐकून रात्रभर बसून राहिले, इतक्या लवकर तू हे कसं लिहिलंस. मी काही लिहिलेलं नाही. कुठली कविता? ती म्हणते त्यात सुई आहे, वारा आहे. मला कळलं नाही. तिला अजून उत्तर दिलेलं नाही.

मला शब्द मागू नका. त्यांना सांग. वाद्यं आहेत त्यांच्याकडे, वाजवावीत.

इथे सगळं नेहमीचं. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसते, काचा फ्रेमच्या मापाने घासते. चाकावर पाणी सुटत असतं, त्यामुळे फार ऐकू येत नाही. ते बरं आहे. मालकीण म्हणाली, हल्ली तुझ्या काचा एकदम नीट बसतात, एकही परत येत नाही. मी बरं म्हटलं.

मुंगी

•

गुरुवार, २३ ऑक्टोबर

चि. मुंगीस आशीर्वाद.

अगं, केवढा घोटाळा! तुझं पत्र वाचलं आणि मी खुर्चीत बसून हसले, मग कपाळाला हात लावला. ते माझे शब्द गं! माझे म्हणजे, स्वयंपाकघरातले.

तुला तो कसं काम करायचा ते ठाऊक नाही, कारण तुझ्याकडे गाणं जायचं ते शब्द काढून, नुसती चाल. इथे माझ्यापाशी मात्र त्याला नुसतं ला ला करून जमायचं नाही. जिभेला काहीतरी धरायला लागतं म्हणायचा. मग मी जे बोलेन ते उचलायचा आणि चालीत कोंबायचा. पुढे तू कविता पाठवलीस की माझं सगळं काढून फेकायचं. मी शिवणातली बाई, मला लगेच कळलं. कच्चा टाका घालतो ना आपण, पक्की टीप मारली की उसवून टाकायचा, तसं. कितीतरी गाण्यांत आधी मी होते, मुंगे! त्या नदीच्या गाण्यात पहिल्यांदा "साबण संपला, साबण संपला" होतं. त्याच्या जागी तू नदी आणलीस. मला काही वाईट वाटलं नाही हो, साबण खरंच संपला होता.

ह्या वेळी त्याने उचललं ते असं:

दार लोटून घे, वारा येतो आत,
बस जरा तिथे, गुंतलाय माझा हात.
सुई धर बाबा, मला दिसत नाही,

मी ह्याच ओळी त्या दोघांना गाऊन दाखवल्या. मला काय माहीत ते तुझी कविता समजतील! काल बोलावून घेतलं आणि खरं काय ते सांगितलं. लांबीचे कान लाल. ती कार्यक्रमात बोलायला लिहूनसुद्धा बसली होती. वारा म्हणजे मरण, आणि दार लोटणं म्हणजे माणसाने मरणाला केलेला विरोध. म्हटलं, "अगं बाई, वारा म्हणजे वारा. मागच्या खिडकीची काच फुटलीय, तुम्हीच बघा." ढबू इतका हसला, इतका हसला, आणि मधेच थांबला. चहावर साय धरली.

मग ढबू म्हणाला, "पण सुई त्याने धरली होती ना?"

धरली होती की. मी शाळेच्या पॅन्टच्या पायांची मोहरी दुमडत होते, दोरा ओवला जाईना. भाता गळ्यातच, तसाच वाकला आणि ओवून दिला. दोन्ही हात मोकळे केले म्हणून भाता आपोआप खाली उतरला आणि रेंकला. आम्ही किती हसलो.

ढबू म्हणतो, "आजी, हे आता काढायचं नाही. असंच गायचं." लांबीनेही मान हलवली.

पण मुंगे, एक राहतंय. चौथी ओळ. तिथे मी म्हटलं होतं, "चहा उतू जातोय," आणि ते बसत होतं गं छान! पण त्याने नाही घेतलं. म्हणाला, "आजी, इथे तू बोलायचं नाहीस. ही मुंगीची." तीन वेळा आलं गाणं फिरून, तीनही वेळा तिथे तो गप्प बसून नुसती बोटं चालवायचा. मी जीभ चावून बसले, तुला माहीत आहे मला गप्प बसायला किती जड जातं ते.

आता पुरं गाणं नको. एक ओळ दे. तुझ्याशिवाय तिथे कुणी काही घालायचं नाही असं आम्ही तिघांनी ठरवलंय. आणि भोक ठेवून सभागृहात कसं गायचं?

तुझी आई म्हणते पोरीला त्रास देऊ नकोस. मी त्रास देते का?

तुझी आजी

•

१ नोव्हेंबर

आजी,

त्रास देत नाहीस.

लांबीने तुझं गाणं पाठवलंय. फोनमध्ये आहे. मी उघडलेलं नाही. उघडायचं ठरवून फोन हातात घेते आणि मग बघते तर मी भांडी घासत असते.

तो गेला त्या दिवशी मी आले होते तेव्हा तुझ्याशी बोलले का? मला आठवत नाही. त्याच्या आईच्या शेजारी उभी होते ते आठवतं. तिच्या झग्याचं वरचं बटण भलत्याच काजात लावलेलं होतं, ते सांगावं की नाही ह्याचाच विचार करत राहिले. सांगितलं नाही. संध्याकाळच्या बसने परत आले. दुसऱ्या दिवशी कामावर वेळेत होते. मालकीण म्हणाली सुट्टी घे, म्हटलं कशाला.

लोक विचारतात काय झालं होतं. मी सांगते, ताप. मग ते म्हणतात, नुसता ताप? मी म्हणते हो. मग ते आणि मी दोघंही घड्याळाकडे बघतो.

लिहायला बसले होते. तू म्हणालीस म्हणून. कागद होता, पेन होतं. हाताला काही लागलं नाही. दुःखसुद्धा नाही. दुःख असतं तर मी तेच लिहिलं असतं, मला तेवढं येतं. खोलीतून कुणीतरी सगळं सामान काढून नेल्यावर कसं वाटतं, तसंही वाटत नाही. काहीच नाही. म्हणून ओळ नाही. मी मुद्दाम अडवून धरत नाहीये.

तुला रडू आलं का? खरं सांग.

मुंगी

•

गुरुवार, ६ नोव्हेंबर

चि. मुंगीस,

नाही आलं.

हे लिहून मी उठले, शिक्षिकाबाईंच्या कोटाची बाही तिसऱ्यांदा उसवली, परत बसले. नाही आलं गं. सगळे म्हणतात आजीचं बरं आहे, आजी हसत असते. मी हसतेच, माणसं आली की मला खरंच आनंद होतो, त्यात खोटं काही नाही. पण ती गेली की मी इथे बसते आणि चहा पिते आणि कप रिकामा झाला की कळतं की प्याले. गोड होता का कडू, विचारशील तर सांगता यायचं नाही. परवा इस्त्रीचा चटका बसला, फोड आल्यावर बघितला. त्या दोघांना सांगितलं नाही. तुला सांगते.

डॉक्टरीणबाईंना म्हटलं, डोळ्यांचं पाणी आटलंय का बघा. त्यांनी बॅटरी मारून बघितलं. म्हणाल्या डोळे उत्तम आहेत.

वरती त्याची आई आहे ती तर माझ्यापेक्षा पुढे. दिवसभर घर पुसते. मी जाते रोज, बसते. ती पुसत असते, मी पाय वर घेते, पायाखालचं पुसते, मी पाय खाली ठेवते. भाता पलंगाखाली आहे, डब्यात. लांबीने कार्यक्रमासाठी मागितला होता, जरा चाचरतच. ती म्हणाली, "तिथलं अजून पुसून व्हायचंय." एवढंच. त्या डब्याच्या भोवतीने पुसते, डबा हलवत नाही.

तिच्या बटणाचं तू लिहिलंस ते मी पण बघितलं होतं. मीही सांगितलं नाही.

बरं, आता कामाचं. तू ते गाणं ऐकू नकोस. नको तर नको. मी तुला पायाने सांगते. माझ्या मशीनचं पॅडल आठवतंय ना? लहान होतीस तेव्हा खाली बसून हाताने दाबायचीस आणि मी ओरडायचे. तर ते पॅडल घाईने नाही, जाड कापड असल्यावर चालवतो तसं सावकाश चालवायचं. खाली गेलं की "दार". वर आलं की "लोटून घे". मग एकदा रिकामं, नुसतं खाली. "वारा येतो", वर, "आत". तशाच चारही ओळी. चौथीत शेवट "नाही"वर यावा असं मला वाटतं, कारण तिसरी "दिसत नाही"वर संपते. तू शिकलेली, तुला जास्त कळतं. ढबू म्हणतो चाल कळायला एवढं पुरे आहे, त्याने मांडीवर वाजवून बघितलं.

दुःख नसलं तर नसलं. त्याने कुठे सांगितलं होतं दुःखाचं लिही म्हणून? त्याला तेव्हा काय माहीत होतं? तो हसतच होता. ती ओळ तुझी एवढंच म्हणाला. तुझ्याकडे जे असेल ते घाल.

आणि ओल्या हाताने त्या चाकाशी काम करू नकोस.

तुझी आजी

•

२२ नोव्हेंबर

आजी,

उशीर झाला.

एक म्हातारे गृहस्थ आले होते. नवा चष्मा परवाच नेला होता, परत घेऊन आले. म्हणाले धुरकट दिसतं, काच खराब आहे. मी पुसली. त्यांनी लावला, म्हणाले अजून तसंच. परत पुसली. मालकीण आली, तिने उजेडात धरून बघितली, काच स्वच्छ होती. नंबरही बरोबर. गृहस्थ म्हणाले, "मग मला काय होतंय?" मालकीण म्हणाली डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. ते गेले. मी त्यांची काच नसतानाही हातातलं फडकं चालवत होते. मालकीण म्हणाली, "अगं, ते गेले."

काच ज्या कागदी पाकिटात येते त्यावर लिहिलं. टेबलाखाली पायाने पॅडलचा ठेका धरून बघितला, तू सांगितलंस तसं.

काच पुसते, पुसते, अजून डोळ्यांत काही नाही.

एवढंच आहे. ओळ मोठी होतेय असं मला वाटतं. "अजून" जास्त झालाय. कापायचा असला तर तुम्ही कापा. मला कापता आला नाही.

मुंगी

•

सोमवार, १ डिसेंबर

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

पाकीट पोचलं! मी ते कुणाला न दाखवता आधी मशीनवर बसले आणि गाऊन बघितलं. परत गायलं. मग शिक्षिकाबाईंना बोलावून गाऊन दाखवलं, त्या बिचाऱ्या कोटासाठीच आल्या होत्या. (झाला एकदाचा. बाही सरळ लागली.)

काल दोघं आली. ह्या वेळी ढबूने जिन्यात काही खाल्लं नव्हतं, पुडा आख्खा. लांबीने तुझी ओळ वाचली आणि कागद ढबूकडे दिला, ढबूने माझ्याकडे दिला, जशी काय मी वाचलीच नव्हती. लांबीने ह्या वेळी अर्थ सांगितला नाही.

मग गायला घेतलं. तीन ओळी उत्तम. चौथीला गाडी घसरली. "अजून" मावेना गं! ढबूने काठ्यांनी टेबलावर मारून बघितलं, भराभर म्हणून बघितलं, मग ते गाणं राहीना, बस पकडायला धावल्यासारखं वाटायला लागलं. लांबी म्हणाली, "'काच पुसते, पुसते, डोळ्यांत काही नाही' असं केलं तर बरोब्बर बसतं." आणि बसलं. अगदी मापात. ढबू म्हणाला, "मुंगीने परवानगी दिलीय की कापायची." मी म्हटलं, दिलीय. मी आयुष्यभर लोकांचे कपडे मापात आणले, मला काय, मी म्हटलं कापा.

दारात त्याची आई उभी होती.

कधी आली कळलं नाही. हातात ओलं फडकं तसंच. ती खाली येत नाही कधी, भात्या गेल्यापासून तर नाहीच. मी म्हटलं, "ये गं, बस." ती बसली नाही. म्हणाली, "काकू, तुम्ही वर ऐकू येता." मी घाबरले, म्हटलं त्रास झाला का. तिने मान हलवली. मग लांबीला म्हणाली, "ती ओळ परत म्हण. आधीची."

लांबीने म्हटली. "अजून" धरून. अडखळलीच.

ती म्हणाली, "तो शब्द काढू नका."

ढबू जरा चाचरत म्हणाला, "मावशी, चालीत बसत नाही तो. चाल त्याची आहे, ती कशी तोडायची?"

"तोडू नका. तेवढा वेळ भाता थांबेल," ती म्हणाली. "तो थांबायचा. कुणाचा श्वास कमी पडला की उघडून धरायचा, गाणारा येईपर्यंत. मी वर बसून ऐकायचे ना. थांबू शकतं ते."

आणि वर गेली. आम्ही तिघं एकमेकांकडे बघतोय. वरती पलंग सरकल्याचा आवाज आला. मग जिन्यात पावलं, एक एक, जड काहीतरी आणताना पडतात तशी. ढबू धावला. डबा तिने त्याच्या हातात दिला नाही, स्वतः आणून माझ्या मशीनशेजारी ठेवला. झाकणावर धूळ होती, बोटाने रेघ ओढावी एवढी. एवढं घर पुसते आणि डब्यावर ही धूळ. तिने फडक्याने ती पुसली. सगळी. कडा, कुलपं, खालची बाजू उलटी करून.

लांबीला अकॉर्डियन येत नाही. एकच सूर धरता येतो, तेवढा ती शिकली त्याच्याकडून. तेवढा पुरला. तीन ओळी आम्ही नुसत्या म्हटल्या, चौथीला तिने भाता उघडला आणि धरून ठेवला. "काच पुसते, पुसते," मग तो सूर नुसता चालू राहिला, लांब, घाई नाही, त्यात मी "अजून" म्हटलं सावकाश, आणि मग पुढचं. मावलं. जागा उरली वर.

कुणी रडलं नाही, मुंगे, तुला वाटेल म्हणून सांगते. मी पण नाही. त्याची आई म्हणाली, "परत." आम्ही परत म्हटलं. ती म्हणाली, "परत." किती वेळ म्हटलं मला माहीत नाही, चुलीवर पाणी आटून भांडं लागलं तेव्हा वास आल्यावर थांबलो. मला वास आला, आधी मलाच.

भाता तिने वर नेला नाही. माझ्याकडे ठेवलाय, पुढल्या खेपेपर्यंत. कार्यक्रमाच्या आधी चांगली तयारी झाली पाहिजे, आणि मला तो सूर सांभाळून "अजून" म्हणायला एकटीला जड जातं. तिथे दुसरा आवाज पाहिजे, तरुण. लांबीचे हात अडकलेले, ढबूचा आवाज म्हणजे तुला माहीत आहे.

मी तुला ये म्हणत नाही. बस किती वाजता सुटते ते तुझ्याकडे लिहिलेलं आहे.

ती दोघं येत्या रविवारी परत येतो म्हणालीत. त्याची आई पण म्हणाली, येते.

तुझी आजी